डीचा ई केला की फॉस्फेट लागला असं धरायचं का? (रिसीव्हर डोमेन)

कोरडी_विहीर

जिवाणूंच्या रिस्पॉन्स रेग्युलेटर (संकेताला प्रतिसाद देणाऱ्या) प्रथिनांबद्दल एक मत आणि एक प्रश्न. आधी मत.

सेन्सर कायनेज (संकेत ओळखणारं एन्झाइम) स्वतःच्या हिस्टिडिनवर फॉस्फेट चढवतो आणि तो रिस्पॉन्स रेग्युलेटरच्या अ‍ॅस्पार्टेटवर जातो, एवढं इथे सगळ्यांना माहीत आहे. हा अ‍ॅस्पार्टेट ज्या भागात बसतो तो रिसीव्हर डोमेन. निक्सन, रॉन्सन आणि ऑसुबेल यांनी १९८६ मध्ये एनटीआरसी आणि इतर नियामक प्रथिनांतला हा सामाईक भाग दाखवून दिला. साधारण १२० अमिनो आम्लं, मधे पाच समांतर बीटा पट्ट्या, भोवती पाच अल्फा हेलिक्स. पीफॅममध्ये (प्रथिन-कुळांची यादी) पीएफ०००७२. एकट्या ई. कोलायमध्ये अशी ३२ प्रथिनं आहेत.

साचा इतका ठरलेला असताना प्रत्येक नव्या प्रथिनावर पहिल्यापासून जीवरसायन करत बसण्यात काय हशील? डीचा (अ‍ॅस्पार्टेट) ई (ग्लुटामेट) करा, म्हणजे कायम चालू. डीचा एन (अ‍ॅस्परजिन) किंवा ए (अ‍ॅलानिन) करा, म्हणजे कायम बंद. दोन म्यूटंट, काम खलास.

आता प्रश्न. ओएमपीआर/पीएचओबी कुळातलं २६ किलोडाल्टनचं प्रथिन आहे. ई म्यूटंट जेल फिल्ट्रेशन कॉलमवर (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणारा) मूळ प्रथिनासारखाच मोनोमरच्या (सुट्या रेणूच्या) जागी येतो. मूळ प्रथिनाला २० मिलिमोलर अ‍ॅसिटिल फॉस्फेट (फॉस्फेट देणारं रसायन), ३७ अंश, ३० मिनिटं दिली तरी डायमर (जोडी) नाही. हे प्रथिन फॉस्फेट घेतच नाही असं लिहून मोकळं व्हावं का?

बोरकूट

फॉस्फेट चढायला मॅग्नेशियम लागतं, ते किती? ते पकडून ठेवणारं ईडीटीए कुठे आहे का?

कोरडी_विहीर

मॅग्नेशियम क्लोराइड ५ मिलिमोलर. प्रथिन साठवायच्या बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए आहे.

बोरकूट

सापडला चोर.

घाटमाथा

बोरकूट, इतक्यात पंचनामा नको. ईडीटीए मॅग्नेशियमला एकास एक धरतो. साठवणीचा बफर अजिबात पातळ न करता घेतला असं धरलं तरी ५ मधून १ गेला, ४ उरला. सीएचईवायची (पोहण्याची दिशा बदलणारं रिस्पॉन्स रेग्युलेटर) मॅग्नेशियमवरची पकड मिलिमोलरच्या आसपास आहे, त्यामुळे ४ मध्ये मॅग्नेशियमचा खिसा बऱ्यापैकी भरलेला असतो. ईडीटीए काढा हे बरोबर. सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

खरी गफलत निष्कर्ष काढायच्या पद्धतीत आहे. "डायमर दिसला नाही" आणि "फॉस्फेट लागला नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मधे तीन पायऱ्या आहेत: फॉस्फेट लागणं, डोमेनचा आकार बदलणं आणि दोन रेणू एकत्र येणं. कॉलम फक्त तिसरी दाखवतो. पहिल्या पायरीचा प्रश्न पहिल्याच पायरीला विचारा.

थालीपीठ

मूळ मताशी मात्र कडाडून असहमत. डीचा ई ही युक्ती एनटीआरसीमध्ये ५४ क्रमांकावर चालली, ओएमपीआरमध्ये ५५ वर चालली, आणि तिथून ती सगळीकडे पसरली. पण ज्या सीएचईवायवर हा सगळा साचा शिकवला जातो त्याच्यात ५७ चा ई केला तर प्रथिन चालू होत नाही. उलट १३ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टेटचा लायसिन केला तर ते फॉस्फेटशिवाय चालू होतं. आता बोला.

कारण रसायनात आहे. फॉस्फेटला मोकळे तीन ऑक्सिजन, चौफुलीसारखे पसरलेले. ग्लुटामेटच्या टोकाला दोनच, तेही एका प्रतलात. लांबीही पुरत नाही. सीएचईवायमध्ये फॉस्फेट लागला की ८७ चा थ्रिओनिन त्याच्याकडे सरकून हायड्रोजन बंध करतो, त्या रिकाम्या जागेत १०६ चा टायरोसिन आत वळतो, १०९ चा लायसिन पलीकडून फॉस्फेटला धरतो. एवढी सगळी मंडळी ग्लुटामेटच्या हाकेला येतीलच असं नाही. कुठे येतात, कुठे अर्धवट येतात, कुठे ढिम्म.

आणि "डीचा एन म्हणजे कायम बंद" यालाही अपवाद आहे. सीएचईवायमध्ये ५७ चा एन केल्यावर फॉस्फेट शेजारच्या ५६ क्रमांकाच्या सेरिनवर जाऊन बसतो. अ‍ॅपलबी आणि बॉरेट यांनी १९९९ मध्ये दाखवलंय.

दीडशहाणा

थोडक्यात मालक घरी नसला की कुरिअर शेजाऱ्याकडे.

साखरझोप

+१ शेजारी.

मूळ मत थोडं सावरून घेतो. ई म्यूटंट अगदी निरुपयोगी नाही. हे डोमेन बटणासारखं चालू-बंद होत नाही. फॉस्फेट नसतानाही काही रेणू चालू आकारात असतातच, फॉस्फेट फक्त पारडं झुकवतो. एनटीआरसीवर एनएमआरने २००१ मध्ये हे दिसलं. म्हणजे ई केल्यावर पारडं २ टक्क्यांवरून २० वर गेलं (आकडे उदाहरणादाखल), तरी पेशीत जनुक चालू झालेलं दिसेल आणि कॉलमवर काहीच दिसणार नाही. दोन्ही निरीक्षणं खरी. म्हणून ई चालला तर पुरावा धरा. नाही चालला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

थालीपीठ

साखरझोप, शेवटची दोन वाक्यं मान्य.

चिंचगुळ

विषयांतर करू का? रिसीव्हर डोमेनला मराठीत काय म्हणायचं? "ग्राही क्षेत्र" कसं वाटतं?

दीडशहाणा

"ग्रहण क्षेत्र" म्हणा. फॉस्फेट लागला की ग्रहण लागलं, निघाला की ग्रहण सुटलं. दानधर्म करा.

चिंचगुळ

पण इथे ग्रहण लागल्यावर प्रथिन कामाला लागतं आणि सुटल्यावर आडवं होतं. पंचांगाच्या उलट.

पाऊलवाट

ग्राहीवरून भांडण लागेल, कारण रिसेप्टरलाही तोच शब्द वापरतात. रिसीव्हरच राहू द्या. टेलिफोनचा रिसीव्हर आजीलाही माहीत होता.

समजावताना एक उपमा उपयोगी पडते: एकच मूठ, पाती वेगळी. तीच लाकडी मूठ कोयत्याला, उलथन्याला, पटाशीला. ओएमपीआर कुळात पातं म्हणजे पंखवाला डीएनए-बंधक भाग, एनएआरएल कुळात हेलिक्स-टर्न-हेलिक्स, एनटीआरसीमध्ये एटीपी जाळणारं इंजिन आणि त्याला जोडलेला डीएनए-बंधक भाग, पीएलईडीमध्ये सायक्लिक-डाय-जीएमपी बनवणारा भाग, सीएचईबीमध्ये मिथाइल काढणारं एन्झाइम, ईयूटीव्हीमध्ये आरएनए पकडणारा भाग. सीएचईवायला तर पातंच नाही, नुसती मूठ. ती जाऊन फ्लॅजेलमच्या मोटरीतल्या एफएलआयएमला चिकटते.

घाटमाथा

उपमा छान आहे, पण एक भोक आहे. मूठ धरली की सगळी हत्यारं एकाच रीतीने चालतात. हे डोमेन नाही चालत. पीएचओबीमध्ये फॉस्फेट लागल्यावर दोन रिसीव्हर अल्फा-४, बीटा-५, अल्फा-५ या बाजूने एकमेकांना चिकटतात आणि डीएनएवर शेजारी शेजारी बसायची सोय होते. एनएआरएलमध्ये रिसीव्हर मुळात डीएनए-बंधक भागाचं तोंड दाबून बसलेला असतो. फॉस्फेट म्हणजे तो हात काढणं. सीएचईबीमध्येही रिसीव्हर एन्झाइमची जागा झाकून बसतो.

सगळ्यात मजेशीर गोष्ट एनटीआरसीच्याच घरात आहे. आतड्यातल्या जिवाणूंच्या एनटीआरसीमध्ये फॉस्फेट लागलेला रिसीव्हर षटकोनी कडं जुळवायला मदत करतो. अ‍ॅक्विफेक्स इओलिकसच्या एनटीआरसी१ मध्ये रिसीव्हरची जोडी इंजिनाला चुकीच्या स्थितीत जखडून ठेवते आणि फॉस्फेट ती जोडी सोडवतो. कूळ एक, साचा एक, तर्क उलटा. "रिसीव्हर तोडून टाकला तर काय होईल" हा प्रयोग म्हणूनच आधी करावा: तोडल्यावर प्रथिन चालू झालं तर रिसीव्हर झाकण होता, बंद पडलं तर जोडणारा होता.

पाऊलवाट

बरं, मूठ मागे घेतो. कडी म्हणा. कुठे कडी काढल्यावर दार उघडतं, कुठे कडीनेच दोन दारं जोडलेली असतात.

निवडुंग

वाचतोय. एक शंका: अ‍ॅसिटिल फॉस्फेटऐवजी सरळ एटीपी टाकला तर?

बोरकूट

नाही चालत. रिसीव्हर स्वतःच फॉस्फेट ओढणारा उत्प्रेरक आहे, पण त्याला छोटे, तापट दाते लागतात: अ‍ॅसिटिल फॉस्फेट, कार्बामॉइल फॉस्फेट, फॉस्फोरामिडेट. एटीपीकडून घ्यायचा तर मधे कायनेज हवाच. अ‍ॅसिटिल फॉस्फेट दाद देत नसेल तर फॉस्फोरामिडेट करून पाहा. काही प्रथिनांना, त्यात सीएचईवायही आलं, तो जास्त मानवतो.

अ‍ॅसिटिल फॉस्फेटची पावडर कोरडी, उणे २० ला. द्रावण वापरायच्या वेळी बनवायचं, बर्फात ठेवायचं, उरलेलं फेकायचं. पाण्यात ते आपोआप फुटतं, ३७ अंशाला जास्तच लवकर. आठवड्यापूर्वीची बाटली म्हणजे अ‍ॅसिटेट आणि फॉस्फेटचं मिश्रण, बाकी काही नाही. मॅग्नेशियम १० ते २० ठेवा.

साखरझोप

यात वेळेचाही हिशेब आहे. फॉस्फेट चढतो तसा उतरतोही, आणि उतरायचा वेग प्रथिनागणिक प्रचंड वेगळा. सीएचईवायवर तो काही सेकंद ते अर्धं मिनिट टिकतो, एनटीआरसीवर काही मिनिटं, ओएमपीआर आणि स्पोओएफवर तासांच्या घरात. सीएचईवायला पोहण्याची दिशा घडोघडी बदलायची असते, स्पोओएफला बीजाणू करायचा की नाही असा आयुष्याचा निर्णय घ्यायचा असतो. घाई कुणाला ते उघड आहे.

या फरकाचा मोठा वाटा फॉस्फेटवाल्या अ‍ॅस्पार्टेटच्या दोन घरं पुढचं अमिनो आम्ल आणि थ्रिओनिनच्या दोन घरं पुढचं अमिनो आम्ल उचलतात. सीएचईवायमध्ये ते ५९ चा अ‍ॅस्परजिन आणि ८९ चा ग्लुटामेट. स्पोओएफमध्ये पहिल्या जागी ५६ चा लायसिन आहे, त्याचा अ‍ॅस्परजिन केला तर फॉस्फेट वीसपटीहून जास्त वेगाने निघतो. तुमच्या प्रथिनात या दोन जागी काय आहे ते पाहा. उतरण्याचा वेग जास्त असेल तर अ‍ॅसिटिल फॉस्फेटच्या कुंडात बसूनही प्रथिन पूर्ण भरणार नाही, आणि कॉलमवर चढवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत रिकामं होईल.

घाटमाथा

बरोबर, आणि कॉलमच्या बफरमध्ये अ‍ॅसिटिल फॉस्फेट नसतो हे कोरडी_विहीर यांनी लक्षात घ्यावं. शिवाय नमुना कॉलममध्ये पाच ते दहापट पातळ होतो. १० मायक्रोमोलर चढवलं तर शिखरावर १ ते २ उरतं. डायमरची पकड मायक्रोमोलर दर्जाची असेल तर तो तिथेच सुटणार. किती चढवलंत?

कोरडी_विहीर

१०. नेमका तोच आकडा.

घाटमाथा

मग १०० चढवा.

आडनाव_नको

डायमर पाहायचाच असेल तर बेरिलियम फ्लोराइड. फॉस्फेटसारखीच चौफुली, आकारही जवळपास तेवढाच, आणि अ‍ॅस्पार्टेटवर बसून राहतो, फुटत नाही. १९९९ मध्ये एनटीआरसी आणि इतर रेग्युलेटरांवर ही युक्ती दाखवली गेली. पीएचओबीच्या रिसीव्हरची चालू स्थितीतली रचना २००५ मध्ये अशीच मिळाली.

कृती: बेरिलियम ३ ते ५ मिलिमोलर, सोडियम फ्लोराइड ३० ते ३५, मॅग्नेशियम क्लोराइड ७ ते १०. प्रथिनात आधी बेरिलियम, मग फ्लोराइड, मॅग्नेशियम सगळ्यात शेवटी. फ्लोराइड आणि मॅग्नेशियम आधी एकत्र आले तर मॅग्नेशियम फ्लोराइड बसतो, पांढरं गढूळ होतं, आणि लोक समजतात प्रथिन साकळलं. हळूहळू गढूळ तरीही होतंच, म्हणून कॉलमला लावण्याआधी १० मिनिटं जोरात फिरवून वरचं घ्या. बेरिलियमची पकड परतण्याजोगी आहे, त्यामुळे कॉलमच्या बफरमध्येही तेच तिन्ही हवेत. फ्लोराइडची द्रावणं काचेत साठवू नका, प्लास्टिकच्या नळ्या वापरा.

थालीपीठ

कृतीच्या आधी लिहायला हवं ते राहिलं: बेरिलियम विषारी आहे आणि कर्करोगकारक आहे. श्वासातून गेलेली धूळ फुप्फुसाचा कायमचा आजार देते. पावडर उघड्या टेबलावर तोलू नका. निर्जल बेरिलियम क्लोराइड पाण्यात टाकलं की तडतडतं आणि आम्लाच्या वाफा येतात, त्यापेक्षा सल्फेट बरं, आणि तयार द्रावण मिळत असेल तर त्याहून बरं. कॉलमच्या बफरमध्ये घातलंत तर तो अर्धा लिटर कचरा वेगळ्या डब्यात जमा करायचा, मोरीत नाही. नुसत्या "घेतो का नाही" या प्रश्नासाठी एवढा उपद्व्याप नको.

आडनाव_नको

मान्य. इशारा वर हवा होता.

बोरकूट

"घेतो का नाही" यासाठी फॉस-टॅग जेल.

१० ते १२ टक्क्यांचं जेल, त्यात फॉस-टॅग अ‍ॅक्रिलामाइड २५ ते ५० मायक्रोमोलर आणि मँगनीज क्लोराइड त्याच्या दुप्पट. फॉस्फेटवालं प्रथिन मँगनीजपाशी अडखळतं आणि मागे राहतं. दोन पट्ट्या दिसल्या तर त्यांच्या गडदपणावरून किती टक्के भरलं हेही कळतं.

सगळ्यात मोठी चूक सवयीची असते: नमुना उकळणं. सेरिन-थ्रिओनिनवरचा फॉस्फेट उकळून टिकतो, अ‍ॅस्पार्टेटवरचा नाही. एसडीएस बफर टाका, उकळू नका, लगेच चढवा, ४ अंशाला चालवा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी जेल लावलं तर एकच पट्टी दिसेल आणि हा धागा पुन्हा वर येईल. नमुन्यात आणि मार्करमध्ये ईडीटीए नको, पट्ट्या वाकड्या धावतात. ब्लॉट करायचा असेल तर ट्रान्सफर बफरमध्ये १ ते १० मिलिमोलर ईडीटीए घालून जेल दोनतीनदा १०-१० मिनिटं धुवा, मग एकदा ईडीटीएशिवाय. नाहीतर प्रथिन मँगनीजला धरून जेलमध्येच बसून राहतं. आणि शेजारच्या लेनमध्ये अ‍ॅस्पार्टेटचा ए केलेला म्यूटंट हवाच, नाहीतर वरची पट्टी कशाची हे कोण सांगणार?

पाऊलवाट

पेशीतून थेट पाहायचं असेल तर लायसोझाइम, सोनिकेशन वगैरे करत बसू नका. तेवढ्यात कायनेज आणि फॉस्फटेज आपापलं काम करून टाकतात. पेशी थंड १ मोलर फॉर्मिक आम्लात फोडतात, मग एसडीएस बफर आणि सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून लगेच जेलवर. हा अ‍ॅसिल फॉस्फेट आम्लात थोडा वेळ तग धरतो, अल्कलीत नाही. सोडा जरा जास्त पडला तर नमुना गेला समजा.

निवडुंग

जेलऐवजी मास स्पेक?

घाटमाथा

उत्तम, आणि सोपं. अख्खं प्रथिन, न पचवता. फॉस्फेट म्हणजे अधिक ८० डाल्टन. २६,००० मध्ये ८० सहज वेगळे दिसतात. द्रावणातलं ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल चालतं. मात्र ट्रिप्सिनने रात्रभर ३७ अंशाला पचवून मग फॉस्फेट शोधला तर सापडणार नाही, कारण ट्रिप्सिनचा बफर ८ पीएचचा. तशा नकारात्मक निकालावरून "फॉस्फेट लागत नाही" लिहू नये.

चिंचगुळ

किरणोत्सारी पद्धत कुणी वापरतं का अजून?

आडनाव_नको

वापरतात, आणि कायनेज कुणाला फॉस्फेट देतो हे ठरवायला तिच्याएवढी चोख दुसरी नाही. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवस, त्यामुळे माल आला त्या आठवड्यातच प्रयोग लावायचा. आधी कायनेज एकटाच गॅमा-लेबल एटीपीबरोबर ठेवून भरून घ्या, मग रेग्युलेटर टाका आणि १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटांना नमुने उचला. एकच तासाभराचा नमुना घेतला तर गफलत होते. तासाभरात परका कायनेजही फॉस्फेट देऊन टाकतो. खरी जोडी वेगावरून ओळखायची. उलट बाजूने, कित्येक कायनेज फॉस्फटेजही असतात. उशिराच्या नमुन्यात पट्टी फिकी झाली म्हणजे फॉस्फेट लागला नव्हता असं नाही, लागून उतरलाही असेल.

दीडशहाणा

म्हणजे एका हाताने देतो, दुसऱ्याने काढून घेतो. ओळखीचा वाटतोय.

साखरझोप

आता दुसरी शक्यताही मांडून ठेवतो: प्रथिन खरंच फॉस्फेट घेत नसेल. संगणकाने "रिस्पॉन्स रेग्युलेटर" असं लिहिलं की सगळे फॉस्फेट शोधायला धावतात, पण साचा असून खिसा मोडलेली प्रथिनं आहेत. क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिसच्या सीएचएक्सआरमध्ये त्या अ‍ॅस्पार्टेटच्या जागी निसर्गानेच ग्लुटामेट ठेवलाय, आणि ते फॉस्फेटशिवायच डायमर होऊन काम करतं. अ‍ॅक्टिनोबॅक्टेरियातल्या जीएलएनआरमध्ये फॉस्फेटचा खिसाच अपुरा आहे. क्षयाच्या जंतूचा डीओएसआर तर साच्यालाच धक्का देतो: त्याच्या पूर्ण प्रथिनाच्या २००८ मधल्या रचनेत रिसीव्हरची घडी नेहमीच्या पाचच्या ऐवजी चार बीटा-अल्फा जोड्यांची दिसली. तरीही तो ५४ क्रमांकावर फॉस्फेट घेतो.

पाऊलवाट

हाच डीओएसआर आपल्याकडे डीईव्हीआर या नावाने ओळखला जातो. दिल्लीच्या एम्समध्ये एच३७आरव्ही आणि एच३७आरए या क्षयजंतूच्या दोन वाणांची तुलना करताना तो हाती लागला होता.

एच३७आरएवरून आणखी एक. त्याच्या पीएचओपी या रिस्पॉन्स रेग्युलेटरमध्ये २१९ चा सेरिन जाऊन ल्युसिन आलाय, आणि हा वाण मवाळ असण्यात त्याचा वाटा आहे. पण २१९ रिसीव्हरमध्ये नाही, डीएनए-बंधक टोकाला आहे. रिसीव्हर ठणठणीत, पातं बोथट. रिसीव्हरचे सगळे प्रयोग उत्तम आले तरी प्रथिन काम करेलच असं नाही, एवढ्यासाठी लिहिलं.

थालीपीठ

सगळं झालं, पण मूळ क्रम कुणी पाहिलाच नाही. कोरडी_विहीर, खिशातली पाच घरं तपासा. सीएचईवायच्या भाषेत: १२ आणि १३ दोन्ही आम्लधर्मी, ५७ अ‍ॅस्पार्टेट, ८७ थ्रिओनिन किंवा सेरिन, १०९ लायसिन. लायसिनच्या लगेच पुढे बहुधा प्रोलिन असतो, ती खूण चांगली. अ‍ॅस्पार्टेटच्या आसपासचा तुकडा इथे टाका.

कोरडी_विहीर

दोन आम्लधर्मी आहेत, थ्रिओनिन आहे, लायसिन-प्रोलिन आहे. तुकडा असा: व्ही-एल-डी-एल-एम-एल-पी-जी-एम-डी-जी. यातला ६१ क्रमांकाचा डी बदललाय. अलाइनमेंटमध्ये (इतर प्रथिनांशी जुळवलेल्या क्रमात) तोच रंगीत दिसत होता.

थालीपीठ

तुकड्यात डी दोन आहेत. ६१ म्हणजे जीच्या आधीचा ना?

कोरडी_विहीर

हो.

थालीपीठ

मग चुकीचा डी बदललात. फॉस्फेट घेणारा डी बीटा-३ पट्टीच्या टोकाला असतो आणि त्याच्या चार घरं पुढे प्रोलिन असतो. तुमचा तो ५४. सात घरं पुढचा, जीला चिकटलेला डी हा वेगळा. तोही बऱ्याच जणांत जपलेला असतो, म्हणून अलाइनमेंट त्यालाही रंग देते. सीएचईवायमध्ये हीच जोडी ५७ आणि ६४: डी-डब्ल्यू-एन-एम-पी-एन-एम-डी-जी. रंग पाहून निवडू नका, प्रोलिनपासून उलटे चार मोजा.

बोरकूट

ईडीटीएची जाहीर माफी मागतो.

दीडशहाणा

शेजाऱ्याचंच घर रंगवून आले की हो.

कोरडी_विहीर

मूळ प्रथिनाचं अख्खं मास करून आणलं. ईडीटीए काढला, मॅग्नेशियम १५, ताजा अ‍ॅसिटिल फॉस्फेट २०, ३७ अंश, ३० मिनिटं. मूळ शिखराच्या पुढे ८० डाल्टनवर दुसरं शिखर, उंची साधारण तितकीच. फॉस्फेट न दिलेल्या नमुन्यात ते नाही. १०० मायक्रोमोलर चढवल्यावर कॉलमवर मोनोमरच्या आधी खांदा दिसतो.

घाटमाथा

निम्मं भरलंय आणि खांदा दिसतोय, म्हणजे हिशेब जुळतो. खांद्यावर डायमर म्हणून शिक्का मारण्याआधी प्रकाश-विकिरणाने वस्तुमान मोजा. लांबट प्रथिनंही कॉलममधून लवकर बाहेर येतात. आणि निम्म्यावर समाधान मानू नका, फॉस्फोरामिडेटनेही एकदा पाहा.

साखरझोप

आता ५४ चा ई करणार असाल तर आधी ५४ चा ए करा. ए वर ८० चं शिखर गेलं तर जागा सिद्ध. (५३ ला सेरिन नाही, त्यामुळे निदान तो शेजारी तरी नाही.) ई चालू निघाला तर बोनस, नाही निघाला तर वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

कोरडी_विहीर

डीचा ई म्हणजे काम खलास, हे वाक्य मागे. दोन्हीचे प्रायमर मागवले, जीएटीचा जीसीटी आणि जीएटीचा जीएए. ५४ चेच आहेत, दोनदा मोजले.

आडनाव_नको

पहिला मेथिओनिन धरून की सोडून? आणि पीईटी-२८ या प्लाझ्मिडच्या हिस्टिडिन-टॅगसकट मोजलं असेल तर २० घरांचा फरक पडतो.

कोरडी_विहीर

थांबा, बघतो.